यीस्टच्या रसात साखर टाकली आणि पुढे नोबेल मिळालं! कोण होते एडुआर्ड बुखनर?

पीठ आंबतं, द्राक्षाच्या रसाची वाईन होते. पण यासाठी यीस्टची पेशी जिवंतच असावी लागते, असं लुई पाश्चर यांच्यासारख्या दिग्गजाचं मत होतं. ते खोडून काढलं एका जर्मन केमिस्टने, तेही जवळजवळ योगायोगाने.

एडुआर्ड बुखनर यांचा जन्म १८६० साली म्युनिकमध्ये झाला. लहानपणीच वडील गेले. पैशांअभावी शिक्षण थांबलं आणि डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात काम करावं लागलं. थोरले भाऊ हान्स पाठीशी उभे राहिले, म्हणून ते पुन्हा शिकू शकले.

१८९३ मध्ये त्यांनी यीस्टच्या पेशी फोडून आतला रस काढायचा प्रयत्न केला. यातून काही निष्पन्न होणार नाही, असं लॅबच्या वरिष्ठांना वाटलं आणि काम तीन वर्षं रखडलं.

१८९६ मध्ये हान्स यांच्या संस्थेत यीस्ट वाळूसोबत खलून, दाबयंत्रात पिळून रस काढला. तो लवकर खराब व्हायचा. म्हणून मुरांब्यात घालतो तशी भरपूर साखर घातली. तर रसातून बुडबुडे यायला लागले! पेशी फुटलेल्या, तरी साखरेचं अल्कोहोल होत होतं.

हे काम करणाऱ्या घटकाला बुखनर यांनी 'झायमेज' नाव दिलं. १८९७ मध्ये शोध प्रसिद्ध झाला आणि १९०७ मध्ये त्यांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. जिवंत पेशीतली रसायनं परीक्षानळीत तपासण्याचा रस्ता इथून मोकळा झाला.

पण झायमेज हे एक एन्झाइम नव्हतंच. ती अनेक एन्झाइम्सची टीम निघाली. एकाचं काम संपलं की पुढचं एन्झाइम सुरू करतं.

पहिल्या महायुद्धात बुखनर सैन्यात होते. ऑगस्ट १९१७ मध्ये रोमानियाच्या आघाडीवर जखमी होऊन त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ५७.

बरोबर १०० वर्षांनी, २०१७ मध्ये संशोधकांना यीस्टमध्येच एक वेगळी गोष्ट दिसली. ऑक्सिजन कमी पडला की एरवी पेशीभर विखुरलेली हीच एन्झाइम्स एका जागी गोळा होतात. या पुंजक्यांना 'जी बॉडीज' म्हणतात. ते तयार झालेल्या पेशी ग्लुकोज जास्त वापरताना दिसल्या. ज्यांना ते नीट जमले नाहीत, त्यांचं विभाजन बिघडलं.

म्हणजे पेशी फोडली तरी एन्झाइम्स काम करतात, हे बुखनर यांचं म्हणणं खरंच आहे. पण संकटात ती कुठे आणि कशी एकत्र येतात, हे मात्र अख्ख्या पेशीतच बघावं लागतं.