गोगलगायींचे ऋण

गेल्या श्रावणात धाकट्या बहिणीच्या वाढदिवसाला मी एक लहानशी काचेची टाकी आणि सात गोल्डफिश विकत आणले. तळाशी निळे-गुलाबी खडे अंथरले, प्लॅस्टिकचे झाड रोवले, कोपऱ्यात एक बुडालेले जहाज ठेवले. दर रविवारी सगळे पाणी ओतून टाकायचे, खडे साबणाने घासायचे आणि नळाचे ताजे पाणी भरायचे, असा माझा शिरस्ता होता. तिसरा आठवडा संपला तेव्हा टाकीत एकही मासा उरला नव्हता. बहीण रडली नाही. दादा, आपण टाकी एवढी स्वच्छ ठेवत होतो तरी ते का मेले, एवढेच तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

त्या प्रश्नाचा पाठपुरावा करीत ग्रंथालयात पुस्तके चाळताना मला रॉबर्ट वॉरिंग्टन भेटले. आपण कलाशाखेचे विद्यार्थी; एका इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र आपल्या अंकात कशाला, असे कोणास वाटेल. पण त्यांनी मला जे शिकविले ते केवळ रसायनशास्त्र नव्हे.

वॉरिंग्टन यांचा जन्म १८०७ साली केंट परगण्यातील शीअरनेस या बंदराच्या गावी झाला. १८२२ मध्ये ते जॉन टॉमस कूपर या रसायनाच्या व्याख्यात्यांकडे उमेदवारीस राहिले. १८२८ साली नव्याने सुरू झालेल्या लंडन विद्यापीठात प्राध्यापक एडवर्ड टर्नर यांचे ते साहाय्यक झाले. पुढे १८३१ पासून आठ वर्षे त्यांनी लंडनच्या एका मोठ्या बिअरच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून काम केले. १८४१ मध्ये लंडनची केमिकल सोसायटी स्थापन झाली, ती प्रामुख्याने त्यांच्याच खटपटीने. दहा वर्षे त्यांनी तिचे चिटणीसपद सांभाळले. १८४२ पासून औषधे बनविणाऱ्यांच्या जुन्या संस्थेत, अपॉथेकरीज हॉलमध्ये, ते रसायनज्ञ होते. औषधांची शुद्धता तपासणे, त्यांतील भेसळ पकडणे हे त्यांचे रोजचे काम.

अशा या माणसाने १८४९ साली सुमारे १२ गॅलनचे, म्हणजे जवळजवळ ५४ लिटरचे, एक काचेचे भांडे घेतले आणि ते अर्धे झऱ्याच्या पाण्याने भरले. तळाशी वाळू व चिखल घातला. त्यावर दगड असे रचले की, ऊन फार झाले तर माशांना आडोसा मिळावा. व्हॅलिस्नेरिया नावाची, फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. हिशेब सरळ होता. मासे श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतात. वनस्पती उजेडात तो घेऊन प्राणवायू देतात. दोघांचे एकमेकांवर भागावे.

पण भागले नाही. वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर चढला. मी असतो तर सारे ओतून पुन्हा घासले असते. वॉरिंग्टन यांनी निसर्गातले तळे आठवून पाहिले. तिथेही पाने कुजतात, मग तिथले पाणी का नासत नाही? तळ्यातल्या गोगलगायी ती घाण खातात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी पाच-सहा गोगलगायी भांड्यात सोडल्या. थोड्याच काळात पाणी निवळले. शिवाय गोगलगायींनी घातलेली अंडी माशांना खाद्य म्हणून मिळू लागली. १८५० च्या मार्चमध्ये हा प्रयोग त्यांनी केमिकल सोसायटीपुढे मांडला.

काचेच्या पेटीत जलचर ठेवणारे ते पहिलेच नव्हते. सिसिलीत झान विलप्रो-पॉवर या बाईंनी १८३० नंतरच्या दशकातच अशा पेट्या वापरल्या होत्या. पण मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचा संसार का टिकतो, याची रासायनिक उपपत्ती देण्याचे श्रेय वॉरिंग्टन यांचे. पुढे त्यांनी खाऱ्या पाण्यावरही प्रयोग केले. फिलिप हेन्री गॉस त्याच वाटेने जात होते. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले आणि घरोघरी टाक्यांचे वेड पसरले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय म्हणजे त्याच वंशाची एक शाखा.

१८६४ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १८६७ मध्ये डेव्हन परगण्यात त्यांचे निधन झाले. एक गोष्ट मात्र त्यांना अखेरपर्यंत कळली नव्हती. माशांच्या मलमूत्रातून निघणारा विषारी अमोनिया पाण्यात साठतो. वाळूवर आणि दगडांवर वस्ती करणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. हे काम दोन टप्प्यांत आणि निरनिराळ्या जीवांकडून होते, हे शेतजमिनीचा अभ्यास करताना ज्यांनी दाखविले, त्यांत रॉथॅमस्टेड येथील एक संशोधक होते. त्यांचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टन. ते या वॉरिंग्टन यांचे चिरंजीव! वडिलांनी ते भांडे मांडले तेव्हा मुलगा दहा-अकरा वर्षांचा होता.

ते वाचले आणि बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मासे घाणीने मेले नव्हते. माझ्या स्वच्छतेने मेले होते. लहान टाकीत एकाच दिवशी सात मासे कोंबले आणि त्यांचे विष पचविणारे अदृश्य सेवक मी दर रविवारी साबणाने धुऊन टाकीत राहिलो. माझे जहाज शोभेचे होते, वॉरिंग्टन यांचे दगड माशांच्या आसऱ्याचे होते.

यंदा आम्ही मोठी टाकी घेतली. बारीक वाळू, आडोशाचे दगड, व्हॅलिस्नेरियाची रोपे आणि चार गोगलगायी. महिनाभराने चार गप्पी मासे सोडले. आठवड्याला चौथाई पाणी तेवढे बदलतो, खाद्य चिमूटभरच घालतो. पाहुणे येतात, रंगीत मासे पाहून खूश होतात. काचेला चिकटलेल्या गोगलगायीकडे कोणी पाहत नाही. बहीण मात्र प्रत्येकाला आधी तीच दाखवते.

मित्रहो, कोणत्याही घरात, गावात किंवा महाविद्यालयात मिरवणारे मासे आपल्याला चटकन दिसतात. पाणी निवळ राखणारे कोण, हे विचारायची सवय मला त्या सात माशांच्या मोलाने लागली.