डिग्री नव्हती, तरी मार्गरिट पेरेंनी नवं मूलद्रव्य शोधून काढलं!

मादाम क्युरींचं नाव शाळेत सगळ्यांनीच ऐकलंय. पण त्यांच्या लॅबमधल्या मार्गरिट पेरे यांचं?

गोष्ट आहे १९२९ ची. वय १९, हातात फक्त केमिस्ट्रीचा डिप्लोमा. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये काम मिळालं तेही किचकट. लँथॅनमसारख्या धातूंमध्ये मिसळलेलं किरणोत्सर्गी ॲक्टिनियम वेगळं काढायचं. दोघांचे रासायनिक गुण इतके सारखे, की त्यांना सुटं करता करता दमछाक व्हायची.

पेरे वर्षानुवर्षं हेच करत राहिल्या. जानेवारी १९३९ मध्ये ताज्या शुद्ध ॲक्टिनियमची मोजणी त्यांनी लगेच केली, तर त्यातून अनपेक्षित किरणोत्सर्ग येत होता. कारण निघालं नवं मूलद्रव्य, क्रमांक ८७! दर २२ मिनिटांनी ते निम्मं होतं. मोजायला उशीर झाला असता, तर बाकीच्या किरणोत्सर्गात ते झाकलं गेलं असतं. पेरेंनी त्याला देशाचं नाव दिलं, फ्रान्सियम.

डॉक्टरेट मिळाली ती थेट १९४६ मध्ये. १९११ मध्ये क्युरींना नाकारणाऱ्या फ्रेंच विज्ञान अकादमीवर १९६२ मध्ये निवडून गेलेल्या पहिल्या महिला पेरेच.

फ्रान्सियममुळे कॅन्सरचं निदान सोपं होईल, अशी त्यांना आशा होती. १९७५ मध्ये कॅन्सरनेच त्यांचा जीव घेतला.