पवळाबाईंचे चाळ

मैत्रिणींनो, परवा टीव्हीवर ब्राझीलचा सांबा लागला होता. हातातल्या छोट्या वाद्यावर काठीनं ताल धरणारी माणसं पाहिली आणि मला आमच्या देवळाली प्रवराच्या जत्रेतली हलगी आठवली. लहानपणी तमाशाच्या तंबूकडं बघायचीही आम्हा मुलींना बंदी! कडाडणारी ढोलकी, एका तारेचं तुणतुणं, झांज, सगळं ऐकायचं ते अंगणातूनच.

त्याच तमाशाच्या फडात आपल्याच जिल्ह्यातल्या पवळाबाई उभ्या राहिल्या. संगमनेर तालुक्यातलं हिवरगाव पावसा हे त्यांचं गाव, जन्म १८७० चा. तोवर बाईचं काम नाच्या पोरं करायची. पवळाबाईंनी स्वतः पायात चाळ बांधले. पठ्ठे बापूरावांची लावणी आणि पवळाबाईंची अदा, ही जोडी महाराष्ट्रभर गाजली. बापूराव ब्राह्मण, त्या महार. त्यामुळं बोलणीही खूप खाल्ली. पुढं दोघांची ताटातूट झाली. १९३९ साली पवळाबाई गेल्या.

आमच्या घरात त्यांचं नाव कधी कुणी मानानं घेतलं नाही. आता जत्रेत ढोलकीवर थाप पडली, की मी सुनेला घेऊन पुढं जाऊन बसते. अंगणातून ऐकायचे दिवस संपले, बाई!