लोकोपकारी शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन

मुंबईंत परळ भागीं हाफकिन संस्था ह्या नांवाची एक जुनी व विस्तीर्ण वास्तु उभी आहे. एके काळीं ती मुंबईच्या गव्हर्नरांचें निवासस्थान होती. सर्पदंशावरील औषधाविषयीं किंवा एखाद्या लशीविषयीं बोलणें निघालें म्हणजे ह्या संस्थेचें नांव आपल्या कानांवर येतें. परंतु तें नांव ज्या पुरुषाचें, तो कोण, कोठला, आणि आपल्या देशाशीं त्याचा ऋणानुबंध कसा जडला, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. ह्या पुरुषानें दोन भयंकर रोगांवर लस तयार केली, दोन्ही वेळां ती प्रथम आपल्या स्वतःच्या अंगांत टोचून घेतली, आणि अखेरीस न केलेल्या अपराधाबद्दल मानहानि सोसली. असें हें चरित्र विद्यार्थिवर्गापुढें यावें, ह्या हेतूनें आम्ही तें येथें थोडक्यांत देत आहों.

वाल्डेमार हाफकिन ह्यांचा जन्म ता. १५ मार्च १८६० रोजीं, त्या वेळच्या रशियन साम्राज्यांतील व आतांच्या युक्रेन देशांतील ओडेसा ह्या बंदरीं, एका यहूदी कुटुंबांत झाला. त्याच शहराच्या विश्वविद्यालयांत त्यांनीं प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. मेचनिकॉफ ह्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखालीं शिकण्याचें भाग्य त्यांस तेथें लाभलें. तो काळ यहूद्यांस मोठा कठीण होता. १८८१ सालीं रशियाच्या बादशहाचा खून झाल्यावर यहूद्यांच्या वस्त्यांवर ठिकठिकाणीं हल्ले होऊं लागले. ओडेसा येथें तरुण हाफकिन आपल्या बांधवांच्या रक्षणार्थ पुढें सरसावले, त्यांत जखमी झाले व पकडले गेले; गुरूंनीं मध्यस्थी केली म्हणून त्यांची सुटका झाली. पुढें अध्यापकाची जागा मिळावयाची तर पूर्वजांचा धर्म सोडून राज्याचा धर्म पत्करावा, अशी अडचण उभी राहिली. केवळ जागेसाठीं धर्म बदलणें त्यांच्या मनास मानवलें नाहीं. १८८८ सालीं त्यांनीं मायदेश सोडला. प्रथम ते जिनीव्हा येथें राहिले, व १८८९ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत दाखल झाले. मेचनिकॉफ तेथें आधींच आले होते. परंतु शिष्यासाठीं जागा रिकामी होती ती मात्र साहाय्यक ग्रंथपालाची. हाफकिन ह्यांनीं ती आनंदानें घेतली. ग्रंथालयाचें काम संपवावें आणि उरलेला सर्व वेळ प्रयोगशाळेंत घालवावा, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या वेळीं पटकीच्या सांथी देशोदेशीं थैमान घालीत होत्या. रॉबर्ट कॉक ह्यांनीं १८८४ सालीं पटकीचा जंतु ओळखला होता, व स्पेन देशांतील फेरान ह्यांनीं त्यावर लस टोचण्याचा प्रयत्नहि केला होता. परंतु तिच्या गुणाविषयीं विद्वानांची खात्री पटली नव्हती. हाफकिन ह्यांनीं ह्या जंतूंचे दोन प्रकार सिद्ध केले. एक मुद्दाम दुर्बल केलेला, व दुसरा लहान प्राण्यांच्या शरीरांतून पुनःपुनः नेऊन प्रबल केलेला. प्रथम दुर्बल जंतु टोचले म्हणजे शरीर सावध होतें, आणि मग प्रबल जंतु टोचले असतां तें त्यांचा पाडाव करूं शकतें, अशी ही योजना होती. प्राण्यांवर ती खरी ठरली. पण माणसावर प्रथम कोणावर करून पाहावी? ता. १८ जुलै १८९२ रोजीं हाफकिन ह्यांनीं ती लस आपल्याच अंगांत टोचली. ताप आला, अंग दुखलें. पण इजा झाली नाहीं. मग कांहीं मित्रांनींहि स्वखुषीनें टोचून घेतलें.

लस निरुपद्रवी आहे एवढें ह्यावरून सिद्ध झालें. ती गुणकारी आहे कीं नाहीं, हें जेथें पटकी नित्य नांदते तेथेंच कळणार होतें. पूर्वीं हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन त्या वेळीं पॅरिस येथें ब्रिटिश वकील होते. त्यांच्या साहाय्यानें हाफकिन १८९३ सालीं कलकत्त्यास आले. परका मनुष्य, हातांत सुई, आणि अंगांत घालावयाचे ते रोगाचेच जंतु! लोक भ्याले ह्यांत नवल नाहीं. १८९४ सालीं कलकत्त्यांतील काटाल बागान ह्या गरीब वस्तींत पटकी उद्भवली, तेव्हां तेथील सुमारें २०० माणसांपैकीं ११६ जणांनीं लस घेतली. त्यानंतर त्या वस्तींत जे आजारी पडले व दगावले, ते न टोचलेल्यांपैकीं निघाले. ही वार्ता पसरली, आणि लोक आपण होऊन पुढें येऊं लागले. दोन-अडीच वर्षांत हाफकिन ह्यांनीं ४० हजारांहून अधिक लोकांस लस टोचली. अखेर हिंवतापानें त्यांची प्रकृति खालावली व १८९५ सालीं त्यांस विश्रांतीसाठीं परत जावें लागलें. परंतु पुढच्याच वर्षीं ते पुनः हिंदुस्थानांत हजर झाले.

आणि १८९६ सालींच मुंबईवर घाला आला. सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनीं गांठीच्या तापाचे रोगी ओळखले. हाच तो प्लेग. लोक गांठोडीं बांधून शहर सोडूं लागले. गिरण्या व पेढ्या ओस पडल्या. पुण्यास रोग्यांची शुश्रूषा करीत असतां सावित्रीबाई फुले ह्यांनीं १० मार्च १८९७ रोजीं ह्याच रोगानें देह ठेविला. सरकारनें बळाचा मार्ग धरला. घरांच्या झडत्या, रोग्यांस ओढून नेणें, सामान जाळणें, ह्या प्रकारांनीं लोकांचीं मनें दुखावलीं, व पुण्यांत प्लेग-अधिकारी रँड ह्यांच्या खुनापर्यंत गोष्ट गेली. रोग उंदरांवरील पिसवांच्या द्वारें पसरतो, हें त्या वेळीं कोणासहि ठाऊक नव्हतें. सिमों ह्या फ्रेंच वैद्यानें तें १८९८ सालीं दाखविलें, व जगानें तें मान्य करण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं.

ऑक्टोबर १८९६ मध्यें सरकारच्या सांगण्यावरून हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस एक खोली व तिच्या बाहेरची पडवी मिळाली. हाताशीं एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या साधनांवर त्यांनीं कामास आरंभ केला. मांसाच्या काढ्यांत प्लेगचे जंतु वाढवावयाचे. त्या काढ्यावर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे. म्हणजे त्या थेंबांना धरून जंतूंच्या जटा खालीं लोंबतात. भांडें हालविलें कीं त्या तळाशीं जातात व नव्या जटा वाढूं लागतात. पुरेशी वाढ झाली म्हणजे तें द्रव्य तापवून जंतु मारावयाचे, आणि तें नासूं नये म्हणून त्यांत थोडें कार्बॉलिक आम्ल घालावयाचें. ह्या वेळीं जंतु मेलेले होते; तरी शरीरास शत्रूची ओळख पटविण्यास ते पुरेसे होते. तीन महिन्यांच्या अहोरात्र श्रमांनीं ही लस सिद्ध झाली. ता. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन ह्यांनीं ती मोठ्या मात्रेंत स्वतःस टोचून घेतली. दुसऱ्यांस जी मात्रा द्यावयाची तिच्याहून ती अधिक होती.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील जे कैदी पुढें आले त्यांस लस टोचण्यांत आली व बाकीचे तसेच राहिले. सर्वांचें अन्न, पाणी व जागा एकच. टोचलेल्यांपैकीं प्लेगनें कोणी दगावला नाहीं; न टोचलेल्यांपैकीं कित्येक दगावले. तुरुंगांतील मनुष्याची संमति कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज कोणीहि विचारील, आणि आजच्या नियमांप्रमाणें असा प्रयोग सहजासहजीं करतां येणार नाहीं, हेंहि आम्हांस येथें नमूद केलें पाहिजे.

ह्याहून स्पष्ट पुरावा बडोद्याजवळील उंढेरा गांवीं १८९८ सालीं मिळाला. तेथें हाफकिन ह्यांनीं घरोघरच्या सुमारें निम्म्या माणसांस लस टोचली व निम्म्यांस टोचली नाहीं. कारण उघड आहे. एका घरचीं सर्व माणसें टोचलीं व दुसऱ्या घरचीं सोडलीं, तर पहिल्या घरीं हवा चांगली होती म्हणून तीं वांचलीं, असें कोणीहि म्हणेल. एका छपराखालच्या माणसांत ती शंका उरत नाहीं. पुढें ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्यांतील टोचलेल्या ७१ माणसांपैकीं ३ मेलीं; न टोचलेल्या ६४ पैकीं २६ मेलीं. ह्या आंकड्यांत दोन गोष्टी दिसतात. लस पूर्ण अभय देत नाहीं, ही एक. आणि तरीहि ती मरणाचें प्रमाण फार मोठें उतरविते, ही दुसरी. हाफकिन ह्यांनीं दोन्हीहि जगापुढें ठेविल्या.

ह्या कार्यास लोकांतील पुढाऱ्यांचेंहि साहाय्य झालें. तरुण आगाखान ह्यांनीं आपल्या लोकांसमक्ष स्वतः टोचून घेतलें, व माझगांव येथील आपली एक इमारत प्रयोगशाळेसाठीं दिली. १८९९ च्या ऑगस्ट महिन्यांत ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आली. तेथून देशभर व देशाबाहेरहि लस जाऊं लागली.

कीर्ति अशी कळसास पोंचली असतां अनर्थ ओढवला. ता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं पांच बाटल्यांतून १०७ लोकांस लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं ज्या १९ जणांस एकाच बाटलींतील लस मिळाली होती, त्यांस धनुर्वात झाला व ते सर्व मरण पावले. चार बाटल्यांचे ८८ लोक सुखरूप राहिले. ती बाटली परळ येथें ४१ दिवसांपूर्वीं भरली गेली होती. लशीची मागणी फार वाढल्यामुळें हाफकिन ह्यांनीं त्या सुमारास ती करण्याची रीत बदलली होती व तींतून कार्बॉलिक आम्ल वगळलें होतें. चौकशी-मंडळानें तेवढ्यावरून दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेविला. हाफकिन ह्यांस कामावरून दूर करण्यांत आलें, व १९०४ सालीं ते खिन्न मनानें हिंदुस्थान सोडून गेले.

आतां ह्या निर्णयाची पारख आपण करूं. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात. ते ४१ दिवस त्या बाटलींत वाढत राहिले असते, तर बूच काढतांच तिला दुर्गंधि आली असती. परंतु ज्या डॉक्टरांनीं ती उघडली त्यांस तसा वास आला नव्हता. शिवाय त्या दिवशीं बाटली उघडतेवेळीं साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. आणि तो नीट निर्जंतुक न करतां त्यानेंच बूच काढलें गेलें, असें जबान्यांतून निघालें होतें. लंडनच्या लिस्टर संस्थेनें हा सर्व पुरावा तपासून, बाटली बहुधा गांवींच दूषित झाली असें मत दिलें. तरीहि कलंक जाईना. १९०७ सालीं मलेरियाच्या शोधाबद्दल प्रसिद्ध असलेले रोनाल्ड रॉस व आणखी नामांकित शास्त्रज्ञ ह्यांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांत हाफकिन ह्यांची बाजू उघडपणें मांडली, तेव्हां कोठें त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनें त्यांस दोषमुक्त केलें. पांच वर्षें लोटलीं होतीं.

हाफकिन मग कलकत्त्यास परत आले; पण परळची जागा व लशीचें कार्य त्यांस पुनः लाभलें नाहीं. निवृत्त झाल्यावर ते युरोपांत राहिले, व ज्या धर्मासाठीं त्यांनीं तरुणपणीं मान मिळण्याची संधि सोडली होती, त्याच्या शिक्षणासाठीं त्यांनीं आपली मिळकत ठेविली. १९२५ सालीं परळच्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें. १८९७ पासून त्या वर्षापर्यंत मुंबईहून प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. ता. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें ते निवर्तले. ते अविवाहित होते.

आज प्लेगवर रामबाण औषधें निघालीं आहेत, व पटकीची लस तोंडानें घेतां येते. हाफकिन ह्यांच्या लशी त्या रूपांत आतां प्रचारांत नाहींत. परंतु औषध घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशीं करावी, त्यांची परिस्थिति शक्य तितकी सारखी असावी, आणि यश व अपयश दोन्ही मोजावीं, ही जी रीत त्यांनीं उंढेऱ्यास आचरली, तीच अधिक कसोशीनें आजहि चालते. १९ कुटुंबांचें दुःख खरें होतें, व त्यांस उत्तर मिळणें न्याय्यच होतें. पण तें उत्तर घाईनें शोधलें गेलें. एक मनुष्य आपल्या लशीची परीक्षा घेतांना घरोघरची माणसें मोजीत बसला; त्याची परीक्षा घेणाऱ्यांनीं मात्र एका चिमट्याची दखल घेण्यास पांच वर्षें लावलीं. वाचकहो, प्रयोगशाळेंत असो वा लोकव्यवहारांत असो, कोणावर दोष ठेवण्यापूर्वीं सर्व बाटल्या मोजाव्या, व हातांत घेतलेला चिमटा किती स्वच्छ आहे तेंहि पाहावें, एवढा बोध ह्या चरित्रापासून आपण घेतला तरी पुष्कळ झालें, असें आम्हांस वाटतें.