शब्दांमागे चार वर्षं : एडवर्ड लुईड

भाषांच्या तुलनेची गोष्ट वर्गात बहुतेक वेळा सर विल्यम जोन्स यांच्या १७८६ च्या कलकत्त्यातल्या भाषणापासून सुरू होते. त्याच्या जवळजवळ ऐंशी वर्षं आधी एक वेल्श माणूस गावोगाव फिरून हेच काम करून गेला होता.

एडवर्ड लुईड यांचा जन्म १६६० चा. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि वडिलांची जमीनदारी कर्जात बुडत चाललेली. ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजात गेले, पण डिग्री काही घेतली नाही. ॲशमोलियन म्युझियममध्ये मदतनीस म्हणून लागले आणि १६९१ मध्ये तिथलेच प्रमुख झाले. खरा नाद वनस्पती आणि जीवाश्मांचा. त्यांच्या जीवाश्मांच्या कॅटलॉगला न्यूटनसारख्यांनी पैसे घातले होते. मला वाटतं, पानं आणि दगड बघून कुळं लावायची ही सवयच त्यांनी पुढे शब्दांना लावली.

१६९६ मध्ये त्यांनी वेल्समधल्या पॅरिशांना छापील प्रश्नावली पाठवली. पण कागदावर भागेना. मग १६९७ ते १७०१ अशी चार वर्षं ते स्वतःच फिरले: वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड, कॉर्नवॉल आणि फ्रान्समधलं ब्रिटनी.

कॉर्नवॉलमध्ये १७०० साली ते चार महिने होते. कॉर्निश भाषा तेव्हा पश्चिम टोकाच्या काही पॅरिशांपुरतीच उरली होती. ही परकी माणसं एवढी विचारपूस का करतायत, हे लोकांना कळेना. चोर असतील असाही संशय आला. तरी लुईड ऐकत राहिले. सेंट जस्टच्या पॅरिश क्लार्ककडून त्यांनी एक जुनं तीन ओळींचं कवन उतरवून घेतलं. उच्चार नीट धरता यावेत म्हणून स्वतःची लिपीपद्धतही बसवली. ब्रिटनीत नशीब आणखी वाईट. हेर समजून पकडलं, ब्रेस्टला अठरा दिवस कोठडीत ठेवलं आणि देशाबाहेर काढलं. त्यामुळे ब्रेटनचा बराचसा भाग त्यांना पुस्तकांवरून करावा लागला.

१७०७ मध्ये ‘आर्किओलॉजिया ब्रिटानिका’चा पहिला खंड आला. त्यात शब्द शेजारी शेजारी मांडलेत. डोक्याला वेल्श, कॉर्निश, ब्रेटनमध्ये ‘पेन’, आयरिशमध्ये ‘क्यान’. चारला वेल्शमध्ये ‘पेद्वार’, ब्रेटनमध्ये ‘पेवार’, आणि आयरिशमध्ये पुन्हा ‘क’ने सुरू होणारा शब्द. एकीकडे ‘प’, दुसरीकडे ‘क’, आणि तेही नियमाने! (आपला ‘चार’ याच शब्दांचा लांबचा भाऊ, पण ते लुईडना माहीत असायचं कारण नव्हतं.) कॉर्निश व्याकरणाची प्रस्तावना त्यांनी चक्क कॉर्निशमध्येच लिहिली. ती वाचू शकणारे किती असतील?

पुढचे खंड आलेच नाहीत. म्युझियममधल्याच एका दमट खोलीत ते झोपत. दम्याचा त्रास होताच. ३० जून १७०९ ला ते गेले, तेव्हा वय पन्नासही नव्हतं. मागे कर्ज राहिलं, ते फेडायला हस्तलिखितं विकली गेली. पुढे मालक बदलत गेले आणि त्यांतली बरीच आगीत जळाली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कॉर्निश रोजच्या बोलण्यातून गेली. १९०४ मध्ये हेन्री जेनर यांनी ती पुन्हा शिकवण्यासाठी पुस्तक काढलं. आजी-आजोबांच्या तोंडून ऐकून उच्चार ठरवायची सोय त्यांना नव्हती. लुईड यांनी उतरवलेले शब्द मात्र होते.