वाल्डेमार हाफकिन

सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची, म्हणजे ग्रंथिक सन्निपाताची, साथ सुरू झाली. पुढील काही वर्षांत तिने गावोगाव हाहाकार उडविला. धुळे व जळगाव तेव्हा खानदेश या एकाच जिल्ह्यात मोडत. तो जिल्हाही तिच्या तडाख्यातून सुटला नाही. घरात उंदीर मरून पडला, की लोक चीजवस्तू घेऊन शेतातील झोपड्यांत राहावयास जात. अशा संकटात लोकांच्या हाती लशीची ढाल देणारे संशोधक म्हणजे वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा येथे शिक्षण घेऊन ते पुढे पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत गेले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानंतरही टोचलेली लस माणसाला वाचवू शकते, हे पाश्चर यांनी १८८५ मध्ये दाखविले होते. त्या रोगाचा विषाणू सावकाश पसरतो. म्हणून लशीला आपले काम करण्यास अवधी मिळतो. हाफकिन यांनी पटकीवर लस तयार केली व १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

मुंबईत आल्यावर ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा जागेत त्यांनी अहोरात्र काम केले. उष्णतेने मारलेल्या जंतूंपासून त्यांनी प्लेगची लस बनविली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या शरीरात टोचली. त्यांना ताप आला, वेदना झाल्या. पण ते डगमगले नाहीत.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैदी लस घेण्यास स्वेच्छेने पुढे आले. परंतु एक शंका होती. एखाद्याच्या अंगात रोग आधीच भिनला असेल, तर लस त्याला मारक ठरेल काय? टोचणीच्या दिवशीच काही कैद्यांत रोगाची चिन्हे दिसली. मेलेले जंतू रोग उत्पन्न करू शकत नाहीत. तेव्हा ही बाधा आधीची होती, हे उघड होते. पुढील दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी बारा जण आजारी पडले व सहा दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघेच आजारी पडले व दोघेही वाचले. आधीच बाधा झालेल्यासही लशीने अपाय होत नाही, असे हाफकिन यांचे मत बनले.

१८९९ मध्ये परळ येथे त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. पण १९०२ मध्ये पंजाबात एका कुपीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली आणि दोष हाफकिन यांच्या माथी आला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. दोष प्रयोगशाळेचा नसून कुपी उघडताना झालेल्या अस्वच्छतेचा असल्याचे पुढे दिसून आले व १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. ते पुन्हा भारतात कामावर आले.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. परक्या देशातील लोकांसाठी स्वतःचा देह प्रथम पणाला लावणाऱ्या या संशोधकाचे महाराष्ट्रावरील ऋण मोठे आहे.