धरणांच्या पायातले बाबासाहेब

मोठ्या धरणाचा विषय निघाला की पाठ्यपुस्तकात छायाचित्र येते ते पंडित नेहरूंचे. बाबासाहेबांची जागा घटनेपुरती ठेवलेली. मनुवादी लेखकांचे सोडा, आपल्या जयंतीच्या व्यासपीठावरही किती वक्ते हिराकुडचे नाव घेतात?

1901 साली रामजी सुभेदार खटाव तालुक्यात रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता. वडिलांना भेटायला निघालेला भीम मसूर स्टेशनावर उतरला. जात कळताच गाडीवान मिळेना, आणि दुप्पट भाडे देऊन मिळालेल्या बैलगाडीतल्या त्या रात्रभरच्या प्रवासात मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. बाप तलावाच्या कामावर आणि लेकरे तहानलेली! पुढे 20 मार्च 1927 रोजी महाडला काय घडले, ते आपल्या घरात पोरासोरांनाही ठाऊक आहे.

जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज ही कामेही याच खात्याकडे होती, हे आपण विसरतो. 1943 च्या पुरात दामोदर नदीचा बांध फुटला, बंगालमधली गावे बुडाली, रेल्वेमार्ग तुटला. तोवर इंग्रज सरकारचा विचार एवढाच, की पूर म्हणजे संकट, बांध घाला आणि पाणी समुद्राकडे लोटा. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. पाणी ही संपत्ती आहे, ती साठवली पाहिजे, आणि एकाच धरणातून पूरनियंत्रण, सिंचन, वीज व जलवाहतूक साधली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. नमुना अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा होता.

अडचण कायद्याची होती. 1935 च्या कायद्याने पाटबंधारे प्रांतांकडे. धरणाची जागा बिहारात आणि पूर बंगालमध्ये. 3 जानेवारी 1945 रोजी कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनी दोन्ही प्रांतांना एकत्र बसवले. वकिली करणाऱ्या मला हे काम धरण बांधण्याहून अवघड वाटते. त्यातूनच 1948 चा दामोदर खोरे महामंडळ कायदा आला. केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोगही 1945 चाच, आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पूर्वज. आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांसाठी संविधानात कलम 262 आहे.

नोव्हेंबर 1945 मध्ये कटकला महानदीवर परिषद झाली. मार्च 1946 मध्ये हिराकुडची कोनशिला बसली, तेव्हा बाबासाहेब पदावर होते. 13 जानेवारी 1957 रोजी नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले. महापरिनिर्वाणाला तेव्हा सव्वा महिनाही झाला होता.

हिराकुडने लाखाहून अधिक माणसे उठवली, त्यात आदिवासी व दलित मोठ्या संख्येने होते. ही बाजू झाकून बाबासाहेबांचा गौरव करू नये. पाणी कुणाच्या ताब्यात, हा त्यांचा महाडचा प्रश्न धरणालाही लागू आहे. आपल्या वसई-विरारच्या नळाला सूर्या प्रकल्पाच्या धामणी धरणाचे पाणी येते. हा प्रकल्प आखला गेला तो आदिवासी तालुक्यांतल्या शेतीच्या सिंचनासाठी. नंतर शहरांचा वाटा वाढत गेला आणि शेतकरी आंदोलनाला उतरले. येत्या 14 एप्रिलला आपल्या मंडळांनी मिरवणुकीआधी एका आदिवासी कार्यकर्त्याला व्यासपीठावर बोलवावे आणि त्याच्या गावच्या कालव्याला किती पाणी येते, ते ऐकावे.